ठरल्या तारखेची पाहुणी

बॉथेलला मी सव्वा महिना राहिले, आणि त्या घरात मी पाहुणी आहे हे मला बत्तिसाव्या दिवशी कळलं. एरवी मला एवढा वेळ लागत नाही. अठ्ठावीस वर्षं मी पुण्यात जपानी शिकवलं. शिक्षणासाठी जपानला जाऊन तिथल्या कुटुंबात राहणाऱ्या मुलांनी यजमानांच्या मनातलं कसं ओळखावं, हा तर माझा हातखंडा विषय. त्यासाठी मी एक वही केली होती. तिच्यात एक्केचाळीस सूचना होत्या. नवी तुकडी आली की त्या वहीच्या झेरॉक्स निघत आणि मुलं 'आपटे सेन्सेईंची वही' म्हणून ती विमानात वाचत जात. म्हणजे पाहुणपण हा माझा धंदाच होता, आणि मी त्यातच आपटले.

झालं असं की माझी नात रिया, वय सोळा, जन्म बॉथेलचा, हिची जपानला जायला निवड झाली. ऑगस्टच्या शेवटापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ओकायामा शहरातल्या एका कुटुंबात राहायचं आणि तिथल्या शाळेत जायचं. ओकायामाला मी स्वतः तीस वर्षांपूर्वी दहा महिने काढलेले. निखिलचा, म्हणजे माझ्या मुलाचा, फोन आला. "आई, तुझ्याशिवाय कोण तयार करणार तिला? तू ये जूनमध्ये. आणि मग राहाच. बघू ना, कायमचंच बघू आता."

या 'कायमचंच बघू'वर मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. नवी तुकडी घेतली नाही. गॅलरीतल्या अकरा कुंड्या शेजारच्या काळे वहिनींना दिल्या, त्यात हातानं वाढवलेला कढीपत्ता होता. कोथरूडमध्ये माझ्या ओळखीच्या झाडून सगळ्यांना सांगून झालं की मी चालले मुलाकडे. परतीचं तिकीट हातात होतं, पण निखिल म्हणाला होता, "ते काढावंच लागतं आई, डेट नंतर चेंज करता येते." मी विश्वास ठेवला. मुलावर नाही ठेवायचा तर कोणावर ठेवायचा?

पहिले दहा दिवस

बॉथेल म्हणजे सिॲटलच्या वरच्या अंगाचं उपनगर. उंच काळपट झाडं, त्यांच्यामध्ये एकसारखी राखाडी घरं आणि प्रत्येक चौथ्या घरात आपल्याकडचं कोणीतरी सॉफ्टवेअरवालं. जूनमध्ये तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि हवा इतकी स्वच्छ की पहिले दोन दिवस मला उगाचच काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. चेरी मात्र अशा खाल्ल्या की बस. पिवळ्या, गालावर लाली असलेल्या. त्या चेरींबद्दल माझी काही तक्रार नाही.

सून मानसी मूळची नागपूरची, इथे औषधांच्या कंपनीत संशोधन करते. आवाज कधी चढत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फ्रिजवर एक कागद लावला, चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद केलेला. "आई, हे फक्त तुमच्या सोयीसाठी हं. घर नवीन आहे ना तुम्हाला."

कागद मराठीत होता. फोडणी द्यायची तर घरामागच्या उघड्या डेकवर ठेवलेल्या छोट्या शेगडीवर द्यावी. ओला कचरा हिरव्या डब्यात, कागद-काच निळ्यात, उरलेलं करड्यात. डिशवॉशरमध्ये ताटल्या एकाच दिशेला तोंड करून. बाथरूमची फरशी कोरडी राहावी. टबमध्ये पाणी साठवून ठेवू नये, वापर झाला की लगेच बूच काढावं आणि रबरी पट्टीनं टब पुसून घ्यावा, कारण बुरशी धरते आणि मानसीला तिची ॲलर्जी आहे.

एकही गोष्ट अवाजवी नव्हती. ओकायामात यापेक्षा कडक नियम मी हसत पाळले होते. कचऱ्याच्या बाबतीत तर मीच मानसीची एक चूक दाखवून दिली. पण फोडणीचं चुकलंच. पाचव्या दिवशी डेकवर वारा फार होता, म्हणून म्हटलं, एवढ्याशा मोहरीनं काय होतंय. मोहरी तडतडायच्या आत छताला लावलेला धुराचा भोंगा असा कोकलायला लागला की रिया कानावर हात ठेवून खाली आली. "आजी, seriously?" मानसीनं सगळ्या खिडक्या उघडल्या आणि संध्याकाळी फ्रिजवरच्या कागदातली फोडणीची ओळ पिवळ्या रंगानं रंगवली.

निखिल येता-जाता म्हणायचा, "आई, तू रिलॅक्स कर. काही करू नकोस." माझ्या वहीतली सहावी सूचना अशी: यजमानीण 'बसा, काही करू नका' म्हणाली तरी उठून आपली ताटं उचलावीत. मी उचलत होते. मी भरलेला डिशवॉशर मानसी नंतर उघडून पुन्हा लावायची, मी वर गेल्यावर. भांड्यांचा आवाज जिन्यावर ऐकू येतोच.

दुपारी चारला माझी आणि रियाची शिकवणी. स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलांवर बसून. तिचं जपानी वाईट नव्हतं, शाळेत दोन वर्षं शिकलेली. मी वही वाचायची आणि ती एका कानानं ऐकत दुसऱ्या हातानं फोन चाळायची. भेटवस्तू दोन्ही हातांनी द्यावी. अंथरूण रोज घडी करून ठेवावं. न्हाणीबद्दल मी तिला तीनदा सांगितलं: अंग टबच्या बाहेर धुवायचं, मग स्वच्छ होऊन गरम पाण्यात बसायचं, आणि बाहेर येताना बुचाला हात लावायचा नाही. तेच पाणी घरातल्या सगळ्यांसाठी असतं.

"Ew," रिया म्हणाली.

"सगळे धुऊनच बसतात त्यात. तुमच्या स्विमिंग पूलपेक्षा बरं."

ती हसली. शेवटी आली एकोणचाळिसावी सूचना: यजमान 'आणखी राहा' म्हणाले तर मनापासून आभार मानावेत आणि ठरल्या तारखेला निघावं. रियानं फोनवरून डोकं वर केलं. "पण ते really मीन करत असतील तर?"

"नसतात," मी म्हटलं. "ते सौजन्य असतं. आपल्याकडे तसं नाही. आपण राहा म्हणतो तेव्हा खरंच राहा म्हणत असतो."

काय तो माझा तोरा.

ती सूचना माझ्या अनुभवातून आली होती. ओकायामाच्या माझ्या यजमानीणबाईंनी निघताना माझे हात धरून सांगितलं होतं, हे तुझंच घर, केव्हाही ये, हवं तितकं राहा. मी ढसाढसा रडले होते. दोन वर्षांनी मी कळवलं की नवऱ्याला घेऊन येतेय. उत्तर आलं, सुंदर अक्षरात. त्यात बागेतल्या फुलांबद्दल होतं, उकाड्याबद्दल होतं, आमच्या येण्याबद्दल एक शब्द नव्हता. मला राग आला नाही. मी ते वहीत लिहिलं आणि मुलांना शिकवलं.

मोरिताबाईंचं घर

रियाला पाठवणाऱ्या मंडळींची एक पद्धत आहे. मुलं जपानला जायच्या आधी त्यांना इथल्याच एखाद्या जपानी घरात शुक्रवार ते रविवार राहायला लावतात. सराव म्हणून. रियाच्या वाट्याला आल्या मोरिताबाई, बहात्तर वर्षांच्या, एकट्या, आमच्याच गावात टेकडीवर राहणाऱ्या. वेळ ठरवायला फोन मी केला होता आणि माझं अस्खलित जपानी ऐकल्यावर त्यांनी मलाही राहायला यायचा आग्रह केला. मी लगेच हो म्हटलं. पुढची गोष्ट त्यातल्या शनिवारची, माझ्या सव्विसाव्या दिवसाची.

त्यांच्या नवऱ्यानं हौसेनं जपानी पद्धतीची खोल न्हाणी बांधून घेतली होती, लाकडी. शिवाय छोटी बाग, तिच्यात शिसोची पानं आणि काकड्या. जेवायला भात, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सार, भाजलेला मासा. मला मासा चालत नाही म्हणून वांगं, मिसो लावून भाजलेलं. ते वांगं मी जन्मात विसरणार नाही. भरताच्या वांग्याला जो खरपूस वास येतो तो, आणि वर गोडसर खारट लेप.

आणि रिया. मी बघतच राहिले. भेट दोन्ही हातांनी दिली. जेवायच्या आधी हात जोडले. मोरिताबाई उठायच्या आत ताटल्या उचलल्या, धुतल्या, पुसल्या, जागेवर कुठे ठेवू विचारलं. त्या बसताना कण्हल्या तर जवळ जाऊन मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली, "गुडघा दुखतोय का? मी उशी आणू?" आणली. वहीतली सतरावी सूचना आहे: घरातल्या वृद्धांची विचारपूस करावी. मुलीनं एक्केचाळीसच्या एक्केचाळीस सूचना पाठ केल्या होत्या. मला वाटत होतं ती फोन बघत होती.

माझेही गुडघे दुखतात. निखिलच्या घरात माझी खोली वर आहे आणि जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. सव्वीस दिवसांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं. मला अभिमान वाटायला हवा होता. मला हेवा वाटला, मोरिताबाईंचा.

आंघोळीला पाहुण्यांनी आधी जायचं. रिया गेली, मग मी, शेवटी मोरिताबाई. गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसले तेव्हा तीस वर्षं अंगावरून उतरल्यासारखं वाटलं. बाहेर आले, अंग पुसलं, वाकले, बूच काढलं आणि रबरी पट्टी शोधायला लागले.

पाणी निम्म्यावर गेलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बूच परत बसवेपर्यंत तळाला वीतभर पाणी राहिलं होतं. आयुष्यभर पोरांना जे करू नका म्हणून कानीकपाळी ओरडले, ते मी केलं. सव्वीस दिवस फ्रिजवरचा तो कागद मी इतका जिवाच्या भीतीनं पाळत होते की हात आपोआप तिकडे गेला.

मी ओलेत्या केसांनी बाहेर येऊन माफी मागितली. मोरिताबाई म्हणाल्या, "या गावात पाणी पुष्कळ आहे." आणि नळ सोडून पुन्हा टब भरत बसल्या. टाकीतलं गरम पाणी संपलं होतं, ते तापायला पाऊण तास लागला. रियानं तेवढ्यात फोन काढून आईला कळवलं. "Mom, आजीनं प्लग काढला. Like, the one thing. I was so embarrassed." मी तिथेच उभी होते. आजीला इंग्रजी येतं हे घरात सगळ्यांनाच विसरायला होतं.

पाणी तापेस्तोवर आम्ही दोघी चहा पीत बसलो. मोरिताबाईंनी विचारलं, "मुलाकडे किती दिवस आहात?"

"बहुतेक आता कायमचीच," मी म्हटलं.

त्यांनी पेल्यात पाहिलं. "हो का. इथला हिवाळा फार अंधारा असतो." मग म्हणाल्या, "मीही गेले होते. मुलाकडे, मिनेसोटात, ईडन प्रेरीला. चांगला मुलगा आहे. पाच महिन्यांनी परत आले. हे घर मी विकलं नव्हतं." आणि माझ्या पेल्यात चहा ओतला.

जपानी माणूस मधेच हवामानावर आला की कान टवकारावेत, हे माझ्याच वहीत आहे. मी टवकारले नाहीत. मी मनात म्हटलं, त्यांचं वेगळं, आपलं वेगळं.

बत्तिसावा दिवस

दुपारी चारला रिया लॅपटॉप घेऊन आली. पाठवणाऱ्या मंडळींना प्रत्येक मुलाकडून एक छोटा निबंध हवा होता, इंग्रजीत आणि जपानीत. विषय: आपल्यापेक्षा वेगळ्या सवयींच्या माणसाबरोबर राहण्याचा अनुभव. इंग्रजी तिनं लिहिलं होतं. "आजी, can you do the Japanese? माझं खूप wrong होतं."

मी चष्मा लावून वाचलं. तिनं लिहिलं होतं: माझी आजी भारतातून आमच्याकडे साडेपाच आठवडे राहायला आली. तिच्या सवयी वेगळ्या आहेत. ती मोठ्यानं बोलते, घरात धूर करते आणि सगळ्यांनी एकत्र जेवावं म्हणते. माझ्या आईनं नियम लिहून फ्रिजवर लावले. आजीला वेळ लागला, पण ती खूप प्रयत्न करते. माझी आई म्हणते, पाहुण्याची जायची तारीख माहीत असली की सगळ्यांनाच धीर धरता येतो. म्हणून आम्ही कॅलेंडरवर तारीख लिहिली. आता जपानमध्ये मी पाहुणी असेन आणि मी आजीसारखा प्रयत्न करीन.

कॅलेंडर निखिलच्या अभ्यासिकेत होतं. मी त्या खोलीत जात नसे, तिथे त्याच्या मीटिंगा चालतात. त्या दिवशी गेले. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी मानसीच्या नीट अक्षरात लिहिलं होतं: आई, विमानतळ, दुपारी दोन.

मी परत येऊन स्टुलावर बसले. मला भयंकर राग आला होता, आणि तो नक्की कोणावर काढावा हे कळत नव्हतं. निबंधात एक अक्षर खोटं नव्हतं. मुलीनं वाईट मनानंही लिहिलं नव्हतं. वाईट मनानं लिहिलं असतं तर माझ्याकडे भाषांतराला आणलं असतं का?

मी भाषांतर केलं. उत्तम केलं. आईचं ते वाक्य जपानीत अंमळ जास्तच शोभून दिसलं. रिया म्हणाली, "You're the best, आजी," आणि वर पळाली.

नदीकाठची वाट

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. निखिल मला नदीवर फिरायला घेऊन गेला. बॉथेलमधून एक संथ नदी वाहते आणि तिच्या काठानं मैलोगणती डांबरी वाट आहे. मागून सायकलवाले 'डावीकडून' असं ओरडत सुसाट जातात. दुतर्फा ब्लॅकबेरीची काटेरी झुडपं, बहुतेक फळं अजून लाल, एखाददुसरं काळं. मी एक तोडलं तर निखिल म्हणाला, "धुतल्याशिवाय नको खाऊस आई, स्प्रे मारतात." मी ते हातातच धरून चालत राहिले.

मी सरळ विचारलं, "निखिल, माझ्या परतीच्या तारखेचं काय करायचं?"

तो नदीकडे बघत चालला. "आता लगेच चेंज करायची का? रिया गेली की मानसीचं प्रोजेक्ट सुरू होतंय. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तुला एकटीला बोअर होईल गं इथे. तिकडे तुझं सर्कल आहे, क्लास आहे."

"क्लास बंद केला मी."

"अगं, परत सुरू कर ना. तू सेन्सेई आहेस यार, तुला काय कमी." मग म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू. नक्की. जास्त दिवसांसाठी ये."

मला त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं की मी कढीपत्ता देऊन आलेय. पण एवढा उंच, पोट सुटलेला, थकलेला माणूस माझ्याशेजारी चालत होता आणि त्याला मी काय म्हणते याची भीती वाटत होती, हे स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "आग्रह केलास, बरं वाटलं." ते एकोणचाळिसाव्या सूचनेतलं पहिलं अर्धं होतं. हातातलं फळ चिरडलं होतं आणि तळवा जांभळा झाला होता. तो डाग दोन दिवस गेला नाही.

गुरुवारी सकाळी मी चादरी काढल्या, घड्या केल्या, उशीचे अभ्रे वेगळे ठेवले. कचरा तिन्ही डब्यांत वाटून टाकला. टब पुसला. खोलीत टेबलावर आभाराची चिठ्ठी ठेवली आणि मानसीसाठी इथल्याच दुकानातून आणलेलं चहाचं खोकं, कागदात नीट गुंडाळून. मानसीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, किती केलंत तुम्ही. असे पाहुणे सगळ्यांना मिळोत." तिनं मला मिठी मारली, आणि ती मिठी खरी होती. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

पुणे, डिसेंबर

कुंड्या काळे वहिनींकडेच आहेत. कढीपत्ता आता त्यांच्या गॅलरीत भरगच्च फांद्या काढतोय, मी तो माझ्या खिडकीतून बघते. मागायची सोय नाही. लोकांना मी सांगितलं, तिकडची थंडी सोसली नसती. नवी तुकडी घेतली आहे, सात मुलं आहेत.

परवा ओकायामाहून रियाचा फोन आला. तिचं जपानी आता कितीतरी सुधारलंय. तिच्या घरी सगळे ठीक, यजमानीणबाई, ज्यांना ती 'ओकासान' म्हणजे आई म्हणते, रोज डबा देतात, धाकटी मुलगी हिच्याशिवाय झोपत नाही. तिची परत जायची तारीख पंधरा डिसेंबर. "आजी, ओकासान म्हणाल्या, नवीन वर्षापर्यंत राहा. तांदळाची मोची करू, देवळात जाऊ. Mom-Dad चालेल म्हणतायत. I really want to. पण तुझा रूल थर्टी-नाइन. त्या मीन करतायत का नाही, हे कसं कळतं?"

मी म्हटलं, "मनापासूनच म्हणत असतील गं. म्हणताना सगळे मनापासूनच म्हणतात. पण तू पंधरा तारखेला निघ."

"That's so sad."

"चादरी काढून ठेव. अभ्रेसुद्धा. आणि चिठ्ठी हातानं लिही."

मग तिनं अगदी सहज, खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं, "आजी, डॅड तुला पण राहा म्हणाला होता ना? मग तू का नाही राहिलीस?"

"तारीख ठरली होती, बाळा," मी म्हटलं. "तूच तर निबंधात लिहिलं होतंस."